सासूबाईंचा मूळपुरुष: न्यू इंग्लंडमधली जुनी वंशावळ कशी शोधावी

लेक चौथीत असताना शाळेतून वंशवृक्षाचा कागद आला. माझ्या बाजूचं काम दहा मिनिटांत झालं. बाबांनी वाईहून कुलवृत्तांताच्या तीन पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली विचारलं, "अकरा पिढ्या आहेत, पुरेत ना?" नवऱ्याच्या बाजूला मात्र सासूबाईंचं एकच वाक्य होतं. "आमचे पूर्वज मेफ्लॉवरवरून आले. तिघं भाऊ होते." (तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारते. मराठीत लिहिताना ते काही जमत नाही.)

मेफ्लॉवर म्हणजे १६२० साली इंग्लंडहून वसाहत करायला इथे, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडला, आलेलं जहाज. त्यावर १०२ प्रवासी होते आणि त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. उरलेल्यांचे वंशज आज लाखोंनी आहेत हे खरं, पण तसं सांगणारे त्याहून जास्त आहेत. तीन भावांची गोष्ट तर इथल्या दर दुसऱ्या घरात ऐकू येते. आपल्याकडे प्रत्येक घराण्याचा एक पूर्वज पानिपतावर लढलेला असतो, त्यातलाच प्रकार.

शाळेचा कागद केव्हाच देऊन झाला. मी मात्र तीन वर्षं शोधत राहिले आणि शेवटी १६४०च्या आसपास मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी गावात जमीन मिळालेल्या एका माणसापर्यंत पोचले. मेफ्लॉवरशी त्याचा काही संबंध नाही, आणि सासूबाईंच्या माहेरच्या आडनावाशीही नाही. हल्ली आपल्यातही पुष्कळांच्या सुना-जावई इथल्या जुन्या घराण्यांतल्या असतात. त्यांच्यापैकी कुणाला हा नाद लागला तर माझ्या चुका तरी वाचाव्यात, म्हणून लिहितेय. आडनावं गाळली आहेत. सासरच्यांना आवडणार नाही.

वरून खाली नाही, खालून वर

पहिली चूक सगळे करतात, मीही केली. प्रसिद्ध पूर्वज धरायचा आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत खाली यायचं. असं केलं की वाटेतला प्रत्येक त्याच नावाचा माणूस आपलाच वाटायला लागतो. आजपासून मागे चला, एका वेळी एकच पिढी, आणि दर पिढीला एकच प्रश्न विचारा: हा त्याचा मुलगा, किंवा ही त्याची मुलगी, हे कुठल्या कागदावर लिहिलंय? माणूस सापडणं सोपं असतं. दोन माणसांमधला सांधा सापडणं कठीण, आणि खरं काम तेच.

सुरुवात घरातून. सासूबाईंच्या बेसमेंटमध्ये एक खोका होता. त्यात त्यांच्या आजोबांचा मृत्यूचा दाखला, दोन अंत्यविधीची कार्डं आणि मागे नावं लिहिलेले फोटो निघाले. जे हयात आहेत त्यांच्याशी आधी बोला. कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत. मग जनगणना. अमेरिकेत ती १७९०पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८४०पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी घर म्हणजे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. १८५०पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येतं. गुलामांची यादी वेगळी होती आणि तिच्यात सहसा नावंच नव्हती. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे १८८०पासून लिहायला लागले. त्यामुळे १८५०च्या पानावर एक पुरुष, एक बाई आणि चार मुलं दिसली तर ती नवरा-बायको-मुलं असं धरून चालू नका; ती बहीणही असू शकते किंवा दुसरी बायकोही. १८९०चे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधल्या १९२१च्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत गेले. तिथे वीस वर्षांची उडी मारावीच लागते.

हे सगळं फॅमिलीसर्च या साइटवर फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. अँसेस्ट्रीला पैसे पडतात, पण पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत ती फुकट वापरता येते. आधी तिकडे जा.

जनगणनेच्या शिडीने मी व्हरमाँटमधल्या एका माणसापर्यंत आले, जन्म १७८५चा. त्याचे आईवडील नेथन आणि मर्सी. मर्सी कोण, कुठली, काही पत्ता नाही. आठ महिने मी तिथेच अडकले.

मर्सीचं माहेर

जुन्या अमेरिकन कागदांत बाई लग्नानंतर आडनावासकट गडप होते. आपल्या कुलवृत्तांतातही मुली "कन्या, अमुक यांस दिली" एवढ्यावर संपतात, तेव्हा हसण्यात अर्थ नाही. बाईला शोधायचं तर तिच्या नावाने शोधून भागत नाही. जिथे तिच्यामुळे कुणाला पैसा किंवा जमीन मिळणार होती, तिथे शोधावं लागतं.

पहिला धागा पेन्शनचा. नेथन अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शिपाई होता. १८०० साली युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून पुष्कळ मूळ कागद जळाले, म्हणून नंतरच्या पेन्शनच्या फायली फार मोलाच्या. १८३२च्या कायद्यानुसार म्हाताऱ्या शिपायांनी कोर्टात उभं राहून आपण कधी, कुठे, कुणाच्या हाताखाली होतो ते सांगितलं. १८३६ आणि १८३८च्या कायद्यांनी विधवांनाही पेन्शन मिळू लागलं, पण लग्न सिद्ध करावं लागे. दाखला कुणाकडे होता? बायकांनी घरच्या बायबलमधलं, लग्न-जन्म लिहिलेलं पान फाडून सरकारला पाठवलं. अशी पानं अजून त्या फायलींत आहेत. मर्सीचंही होतं. लग्न १७७८चं, खाली नऊ मुलं, त्यातल्या दोघांचं नाव एकच. हेही ध्यानात ठेवा: मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती, म्हणून एका आईबापांना दोन सॅम्युएल दिसले की ती लिहिणाऱ्याची चूक समजू नका. माहेरचं आडनाव मात्र त्या पानावर नव्हतं.

दुसरा धागा खरेदीखताचा. इथे एक गोष्ट आधी माहीत हवी. व्हरमाँट, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये जमिनीची दप्तरं गावाच्या कचेरीत असतात, मॅसॅच्युसेट्समध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या. सूच्या दोन: लिहून देणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची. ज्याने आपल्याकडे एकदा तरी रजिस्ट्रेशनच्या कचेरीत बाकावर दिवस काढलाय, त्याला हे शिकवावं लागत नाही. माणूस नव्या गावात पहिली जमीन घेतो तेव्हा खतात बहुधा त्याचं जुनं गाव लिहिलेलं असतं. नेथनच्या पहिल्या खरेदीखतात तो "मिडलसेक्स काउंटीतल्या सडबरीचा" होता.

मग मी सडबरीचं छापील पुस्तक उघडलं. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५०पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी एकेका गावाच्या पुस्तकात, आडनावांच्या अकारविल्ह्याने छापल्या आहेत, आणि ती पुस्तकं नेटवर पाहायला मिळतात. वाचताना बारीक अक्षरातल्या खुणा सोडू नका. कुठली नोंद थडग्यावरून घेतली, कुठली चर्चच्या वहीतून, हे त्या खुणांवरून कळतं. लग्नाच्या तारखेपुढे "इंट." असेल तर ती लग्नाची तारीख नव्हे, लग्नाचा इरादा गावात जाहीर केल्याची आहे. इतकं सगळं वाचलं, पण नेथन-मर्सीचं लग्न सडबरीच्या पुस्तकात नव्हतं. पुस्तक छापील आहे म्हणून ते पूर्ण आहे, असं मुळीच नाही.

इथे मला नकाशाने वाचवलं. सडबरी गाव १६३९ साली रीतसर झालं. १७८० साली त्याचा पूर्वेकडचा भाग ईस्ट सडबरी म्हणून वेगळा झाला आणि १८३५ साली त्याचं नाव वेलँड झालं. गंमत म्हणजे मूळ वसाहत आजच्या वेलँडमध्ये येते. म्हणजे सडबरीत जन्मलेला माणूस घर न बदलता वेलँडच्या पुस्तकात मेलेला सापडतो. गावांचं हे तुटणं-जोडणं न्यू इंग्लंडभर झालंय, आणि काउंट्यांचंही. वूस्टर काउंटी १७३१ साली झाली, त्याआधीचे तिकडचे कागद शेजारच्या जुन्या काउंट्यांत बघावे लागतात. कुठल्या साली काउंटीची सीमा कुठे होती याचा शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीचा नकाशासंग्रह नेटवर फुकट आहे. आधी तो उघडा, मग दप्तर.

मी मिडलसेक्स काउंटीच्या लिहून देणाऱ्यांच्या सूचीत मर्सीला न शोधता नेथनला शोधलं. व्हरमाँटला गेलेला माणूस ईस्ट सडबरीची जमीन विकेल कशाला? पण १७९७चं एक खत होतं. खरेदीखत नव्हतं, हक्कसोडपत्र होतं. मयत बापाच्या जमिनीवरचा आपला हक्क सगळी भावंडं थोरल्या भावाला सोडून देतायत. चौथ्या ओळीत: नेथन, व्हरमाँटचा शेतकरी, आणि त्याची बायको मर्सी, "बायकोच्या हक्काने". शेवटी भावांच्या सह्या आणि मर्सीपुढे एक तिरकी फुली, "तिची खूण". दप्तरातलं पान ही कारकुनाने केलेली नक्कल असते, त्यामुळे ती फुलीसुद्धा त्यानेच काढलेली.

रात्री साडेअकरा वाजले होते. मला आमची आत्या आठवली. कुलवृत्तांतात तिचं नाव नाही, पण वाईच्या शेताच्या फेरफारात आहे, कारण तिने बाबांना हक्कसोड करून दिलं होतं. जिथे हक्क सोडला तिथेच नाव राहिलं. सकाळी सासूबाईंना फोन करून मर्सीच्या बापाचं आडनाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे आडनाव आमच्यात कुणी कधी ऐकलेलं नाही." खरंच होतं.

बाप, आजा, पणजा

यापुढे सडबरीतच चार पिढ्या होत्या आणि त्या जोडल्या प्रोबेटच्या फायलींनी. माणूस मेला की काउंटीच्या प्रोबेट कोर्टात मृत्युपत्र, वारसांची वाटणी आणि मालमत्तेची यादी दाखल होई. मिडलसेक्सच्या १६४८ ते १८७१च्या फायली बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीच्या साइटवर आहेत. संस्था १८४५ची, आता अमेरिकन अँसेस्टर्स नावाने ओळखतात. फॅमिलीसर्चने २०२४पासून जमिनीच्या आणि प्रोबेटच्या हस्तलिखितांत शब्द टाकून शोधायची सोय दिली आहे. मशीन वाचतं आणि बरंचसं बरोबर वाचतं. त्याचा एक फायदा असा, की शेजाऱ्याच्या मृत्युपत्रात साक्षीदार म्हणून आलेला आपला माणूसही सापडतो.

मृत्युपत्र नसेल तर उलट बरं. मृत्युपत्रात बाप एखाद्या मुलाला आधीच जमीन दिलेली म्हणून वगळतो. मृत्युपत्राशिवाय मेला तर त्या काळच्या कायद्याने सगळ्या मुलांना वाटा, थोरल्या मुलाला दुप्पट आणि विधवेला तहहयात एक तृतीयांश. म्हणून मुलींची नावं, जावयांसकट, तिथे मिळतात.

शब्दांनी फसू नका. सतराव्या शतकातला "कझिन" हा पुतण्या किंवा भाचा असू शकतो. "सन-इन-लॉ" म्हणजे जावई, पण कधीकधी बायकोचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगाही. "ज्युनिअर" म्हणजे मुलगा असंच नाही, गावातला त्याच नावाचा धाकटा माणूस. थोरला मेला की कालचा ज्युनिअर आज सीनिअर होतो. माझ्या वाटेवर एकाच वेळी दोन जॉन होते, चुलतभाऊ. एक शेतकरी आणि दुसरा जोडे शिवणारा. खतात सहसा धंदा लिहिलेला असतो, त्यावरून ते वेगळे झाले. मी दोघांसाठी वहीत दोन रंगांची शाई वापरली.

तारखांचं एक. १७५२पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, शकही पाडव्याला बदलतो. जानेवारीत पंचांग अजून मागच्याच शकात असतं. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखा १६६२/३ अशा दुहेरी लिहिलेल्या दिसतात. प्युरिटन लोक (न्यू इंग्लंड वसवणारे कडवे प्रोटेस्टंट) महिन्यांची नावं टाळून नुसते क्रमांक लिहीत, आणि पहिला महिना मार्च. एका पानावर मला लग्न १६६२च्या तिसऱ्या महिन्यात आणि पहिलं मूल बाराव्या महिन्यात असं दिसलं. मे आणि डिसेंबर म्हणून मी मोजलं, सात महिने! मनात भलतंसलतं येऊनही गेलं. तिसरा मे हे बरोबर होतं, पण बारावा फेब्रुवारी, म्हणजे आपल्या हिशेबाने १६६३. नऊ महिने पुरे. बिचारीची माफी मागितली.

जुनं अक्षर हा वेगळा त्रास. कॉलेजात असताना मी मोडीचा वर्ग केला होता. इथे त्यातली अक्षरं कामाला आली नाहीत, सवय आली. मोडीत आपण काय करतो? ओळखीचा शब्द धरतो, त्यावरून त्या कारकुनाची अक्षरं एका कागदावर उतरवून घेतो आणि मग अडलेला शब्द सोडवतो. इथे मृत्युपत्राची सुरुवात ठरलेली असते, "देवाच्या नावाने, आमेन". तेवढ्या ओळीतून निम्मी बाराखडी मिळते. उरलेल्यात लांब शेपटीचा "एस" एफसारखा दिसतो आणि मोठ्या एफच्या जागी दोन छोटे एफ असतात.

आता प्रोबेटमधल्या मालमत्तेच्या यादीबद्दल. शेजारचे दोन-तीन जण येऊन घरातली वस्तू न् वस्तू किमतीसकट लिहीत. पिसांची गादी, कथिलाच्या थाळ्या, लोखंडी भांडं, चरखा, बैलजोडी. गादी बहुतेक वस्तूंपेक्षा महाग असे. मर्सीच्या आजोबांची यादी १७४०नंतरची. मी मजेत वाचत होते. घोडा, मग खोगीर, मग "एक नीग्रो मुलगी" आणि पुढे पौंडांतली किंमत, मग दोन गायी. नाव नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी १६४१पासून कायद्यात होती. १७९०च्या जनगणनेत त्या राज्यात गुलामांचा आकडा शून्य आहे, पण त्याआधीची दीडशे वर्षं अशा याद्यांत आहेत. सासूबाईंना हे सांगावं की नाही यावर नवऱ्याशी दोन दिवस वाद झाला. सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "ते पान मला छापून दे." तुम्हाला असं पान मिळालं तर लपवू नका, त्याची नीट नोंद करा. नाव असेल तर ते कुणाच्यातरी पणजीचं असणार, आणि गुलामांच्या वंशजांकडे जनगणनेची शिडी सहसा १८७०पाशीच संपते. अमेरिकन अँसेस्टर्सचा २०२३पासून चाललेला टेन मिलियन नेम्स हा प्रकल्प अशीच नावं गोळा करतो.

तयार वंशावळी

नेटवर तुमच्या घराण्याचं झाड कुणीतरी आधीच लावून ठेवलेलं असतं, थेट शार्लमेन या हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या सम्राटापर्यंत. त्याला खबर म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही. छापील ग्रंथांनाही हेच लागू. गुस्ताव्ह अँजू नावाचा एक गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन वंशावळी बनवून देई, त्यात खरी मृत्युपत्रं आणि खोट्या नोंदी बेमालूम मिसळलेल्या. त्या अजून नकलून नकलून फिरतायत. १६२० ते १६४०च्या दरम्यान सुमारे वीस हजार लोक न्यू इंग्लंडला आले. त्यातल्या सुरुवातीच्यांवर भरवशाचं काम रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्या ग्रेट मायग्रेशन प्रकल्पात आहे. तुमचा माणूस १६३५च्या आत आला असेल तर आधी तिथे बघा. आमचा त्यानंतरचा.

डीएनएच्या किटवर पैसे घालवण्याआधी एक हिशेब करा. माझ्या लेकीपासून हा मूळपुरुष बारा पायऱ्या मागे आहे, आणि त्या पायरीला ४०९६ जागा आहेत. त्यातल्या बहुतेकांचा एक कणही तिच्यात उतरलेला नसणार. चार-पाच पिढ्यांपर्यंत ती तपासणी उपयोगाची आहे, पुढे कागदच.

थडगी बघायला मात्र नक्की जा, शक्यतो सकाळी किंवा संध्याकाळी. उन्हाचा तिरपा प्रकाश पाटीच्या दगडावरची अक्षरं उठवतो. ढगाळ असेल तर आरसा धरून उजेड पाडा. दगडावर खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम काही लावू नका, तो पापुद्रे सुटून पडतो. वेलँडच्या जुन्या स्मशानात आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो, डबा घेऊन. सासूबाईंनी पोळी-भाजीची गुंडाळी थडग्यांच्या बाजूला उभ्या उभ्या खाल्ली.

समुद्रापलीकडे

इथे बहुतेकांचा शोध थांबतो. जहाजातून येणाऱ्यांच्या याद्या सरकारने रीतसर ठेवायला सुरुवात केली ती १८२०पासून. सतराव्या शतकातल्या थोड्याच उरल्या आहेत, त्यात लंडन बंदरातली १६३५ची एक मोठी. इंग्लंडमधल्या चर्चच्या वह्या १५३८च्या हुकमापासूनच्या, पण सगळ्या टिकल्या नाहीत आणि १६४०-५०च्या यादवीत ठिकठिकाणी खंड पडला. त्यात इंग्लंडमधल्या कुठल्याही परगण्यात त्याच नावाची पाच मुलं त्याच दहा वर्षांत सापडतात. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. सडबरीच्या मृत्युपत्रात इंग्लंडमधल्या भावाचा उल्लेख हवा, किंवा इंग्लंडमधल्या मृत्युपत्रात "न्यू इंग्लंडला असलेला माझा मुलगा". असं काहीतरी, एका तरी कागदावर.

आमच्या मूळपुरुषाला नेटवरच्या एकोणतीस झाडांनी सफोक परगण्यातल्या एका खेड्यात १६१२ साली बाप्तिस्मा दिलाय. मी त्या वहीची पानं मागवली. बाप्तिस्मा आहे, नाव तेच आहे. तीन पानांनंतर, १६१४च्या दफनांत, तेच मूल आहे, बापाच्या नावासकट.

मी एकोणतिसांपैकी नऊ जणांना कळवलं. दोघांनी खोडलं. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या वरची चौकट सासूबाईंनी पेन्सिलीने आखून ठेवली आहे, आत काही लिहिलेलं नाही.